मीटरवर नव्व्याण्णव

आईच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ९९ दिसत होतं. मी त्या आकड्याचा फोटो काढला आणि पुण्याला भावाला पाठवला. खाली लिहिलं, 'आता ठीक आहे. झोपलीय.' रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, पुसायचं धाडस होत नाही. कारण तो काढला तेव्हा आई झोपलेली नव्हती. ती आतल्या आत बुडत चालली होती आणि मी उशाशी बसून तिची चादर नीट करत होते.

आईला दम्यासारखं काहीतरी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 'काहीतरी' एवढंच. थंडी पडली की खोकला, जिना चढला की धाप, पावसाळ्यात दोन-तीनदा वाफ. तिनं आयुष्यात विडी-सिगारेट सोडाच, मिश्रीसुद्धा लावली नाही. त्यामुळे फुप्फुसाचा मोठा आजार असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या डिसेंबरात ताप आला, छाती कफानं भरली, बोलताना वाक्य पुरं होईना. हॉस्पिटलात आणलं तेव्हा मीटरवर ८१ होतं.

करोनानं आपल्या सगळ्यांना एक आकडा शिकवून ठेवलाय. दुधाचा भाव माहीत नसेल, पण ऑक्सिजन ९४च्या खाली गेला की घाबरायचं हे शेंबड्या पोरालाही माहीत. (या यंत्रामागची युक्ती ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरनं १९७४च्या सुमाराला काढली. ते एप्रिल २०२०मध्ये वारले, सगळं जग त्यांचं यंत्र शोधायला लागलं होतं नेमकं तेव्हा.) तर ८१ बघून माझं पाणी पाणी झालं. मास्क लावला, भिंतीवरच्या काचेच्या नळीतला छोटा गोळा वर सरकला, खालच्या बाटलीत पाणी बुडबुडायला लागलं. ८१चे ८८ झाले, मग ९०. वॉर्डातले मामा निघाले होते, त्यांना मीच थांबवलं. "मामा, जरा वाढवा की." मामांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर शेजारच्या पेशंटच्या सलाईनमध्ये गुंतलेल्या, त्यांनी वर न बघता मान हलवली. मामांनी चावी फिरवली, गोळा मिनिटाला आठ लिटरच्या खुणेवर गेला. ९५, ९७, ९९. पोराचे मार्क वाढावेत तसं वाटलं मला.

एकच्या सुमाराला तिला पाणी विचारलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "आण्णा, कंदील इजला." आण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तापात बरळतेय असं समजून मी तिचा हात हातात घेतला. हात छान ऊबदार होता, गालावर लाली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा रंग सुधारलाय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

रात्रपाळीचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. राउंडला आला, आईकडे बघितलं, मीटरकडे बघितलं, आणि मीटर बघून तो खूश झाला नाही. गालावर हलक्या चापट्या मारून तिला जागं केलं. "आजी, एसटीला हात करतात तसे दोन्ही हात पुढं करा बघू." आईनं कसेबसे हात पुढे केले. पंजे मनगटातून फडफडले, थांबले, पुन्हा फडफडले. त्यानं लगेच चावीला हात घातला आणि गोळा आठावरून दोनाच्या खाली आणला.

मी तडकले. "अहो डॉक्टर, कमी काय करताय? आत्ता कुठं नव्व्याण्णव झालंय."

"काकू, हे मीटर ऑक्सिजन दाखवतं. आजींच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठलाय. तो याला दिसत नाही."

मग त्यानं तिचं मनगट उताणं केलं, दोन्ही बाजूंच्या नाड्या अंगठ्यांनी दाबून धरल्या, तळवा पांढराफटक पडू दिला, एक नाडी सोडून तो पुन्हा लाल कसा होतो ते पाहिलं, आणि मग सुई घातली. नेहमीच्या शिरेत नव्हे, धमनीत. ती सुई फार दुखते म्हणतात, एरवी आईनं दवाखाना डोक्यावर घेतला असता. ती हलली नाही. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. सिरिंज बर्फात ठेवून मामा खाली पळाले आणि थोड्या वेळानं बसच्या तिकिटासारखी एक कागदाची पट्टी आली. पीएच ७.२१. कार्बन डायऑक्साइड ९२. बायकार्बोनेट ३६.

मी तीस वर्षं सहकारी बँकेत काउंटरवर काढली. आकडे मला घाबरवत नाहीत, पण या आकड्यांची भाषाच वेगळी होती. पुढचे कित्येक महिने मी ती शिकत बसले. आधी त्या डॉक्टरनं पट्टीच्या मागच्या बाजूला काढलेल्या चित्रावरून, नंतर भाचीच्या मेडिकलच्या पुस्तकांवरून.

शाळेत आम्हाला कर्बवायू म्हणजे घाण असं शिकवलं होतं. ऑक्सिजन आत घ्यायचा, कर्बवायू बाहेर टाकायचा, संपला धडा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी श्वासाचे वर्ग चालतात, तिथले गुरुजीही "सगळा कार्बन बाहेर टाका" असंच ओरडत असतात. खरं म्हणजे सगळा बाहेर टाकला तर माणूस जगायचा नाही. नुसतं पडून राहिलं तरी शरीर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं, दिवसाचे पावणेतीनशेहून जास्त लिटर. हा माल येतच राहणार, त्यामुळे तो बाहेर टाकावा लागतो हे खरंच. पण शरीर सगळा टाकत नाही. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५च्या दरम्यान राखला जातो, बहुतेकांच्या अंगी चाळिसाच्या आसपास. झोपलात, पळालात, भांडलात, तरी काटा तिथंच आणून ठेवायचा.

आणि शरीरातली एकूण शिल्लक पाहिली तेव्हा तर मी दोनदा वाचून खात्री करून घेतली. ऑक्सिजन आपल्या अंगात जेमतेम दीड लिटर असतो, म्हणजे हातावरचं पोट. कार्बन डायऑक्साइड मात्र वेगवेगळ्या रूपांत शंभर-सव्वाशे लिटर, त्यातला पुष्कळसा हाडांत. ज्याला आपण घाण म्हणतो त्याचंच एवढं पेव भरलेलं.

पेव हा शब्द मला सहज सुचलेला नाही. आई हरिपूरची, सांगलीच्या अलीकडे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशा कोठ्या. भरून तोंड लिंपलं की आत हवा खेळत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. आण्णांचं हळदीचं नव्हे, जोंधळ्याचं पेव होतं. बंद पेवात धान्य, किडे, बुरशी मिळून उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि कर्बवायू तळाशी साठतो, कारण तो हवेपेक्षा दीडपट जड. किडेही त्यातच मरतात, म्हणून तर धान्य टिकतं. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी तोंड मोकळं करून ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर वर घ्यायचा आणि थांबायचं. आई सात-आठ वर्षांची असताना एका गड्यानं घाई केली. कंदील विझला होता, तरी तो उतरला. आई म्हणायची, "पडला न्हाई गं, बसला. जेवायला बसावं तसा मांडी घालून बसला." आण्णांनी दुसऱ्या कुणाला खाली जाऊ दिलं नाही, आकडा टाकून त्याला वर ओढला. तो जगला. आई मात्र तो कंदील कधी विसरली नाही. त्या रात्री ९२ वर गेलेल्या रक्तातून तिला तोच दिसत होता.

आता हा चाळिसाचा काटा सांभाळतं कोण? मेंदूच्या देठाशी काही पेशी आहेत. रक्तातला कार्बन डायऑक्साइड झिरपून मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो, ते पाणी किंचित आंबट होतं, आणि त्या आंबटपणाची चव या पेशी घेत असतात. जरा आंबट झालं की श्वास वाढव, जरा कमी झालं की सबुरी. जॉन स्कॉट हाल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी १९०५मध्ये हे मोजून दाखवलं. फुप्फुसातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.२ ते ०.३ टक्क्यांनी वाढला की श्वासाचं काम दुप्पट होतं. ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी द्यायला मानेतल्या धमन्यांपाशी वेगळे पहारेकरी आहेत, पण ते पुष्कळ उशिरा ओरडतात. रोजचा कारभार कर्बवायूच्याच हातात.

विहिरीत पोहणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं. आमच्या मळ्यातल्या विहिरीत बुडी मारून तळाचा दगड आणायची पैज लागायची. दम कोंडला की छातीत जी तगमग होते, ती ऑक्सिजन संपल्याची नसते, कर्बवायू वाढल्याची असते. माझा एक चुलतभाऊ बुडी मारायच्या आधी काठावर बसून भराभरा श्वास घ्यायचा. "हवा भरून घेतो" म्हणायचा. प्रत्यक्षात ऑक्सिजन फारसा जास्त भरत नाही, कर्बवायू तेवढा धुऊन निघतो. मग तगमगच उशिरा सुरू होते, आणि ती सुरू व्हायच्या आत ऑक्सिजन इतका उतरू शकतो की माणूस पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारे असेच जातात. चुलतभावाला एकदा काकांनी शेंडी धरून वर काढलं होतं. काकांना शास्त्र माहीत नव्हतं, पोरगं वेळेवर वर आलं नाही एवढंच त्यांना दिसलं.

उलट टोकाचंही मी पाहिलंय. बँकेत ऑडिटच्या दिवशी आमची एक कॅशियर घाबरून धापा टाकायला लागली, बोटं आखडली, ओठांना मुंग्या आल्या. सगळ्यांना वाटलं हार्टअटॅक. कर्बवायू जास्तच बाहेर गेला की रक्त अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, कॅल्शियमचा हिशोब बिघडतो. ती बरी झाली ती साहेब चहाला गेल्यावर.

चाळीस हा आकडा इतका जपायचा तर वाहतूकही तशीच चोख लागते. पेशींतून निघालेल्या कर्बवायूपैकी साधारण सत्तर टक्के वायू म्हणून प्रवासच करत नाही. तांबड्या पेशीत शिरल्याबरोबर पाण्याशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं, म्हणजे आपला खायचा सोडा ज्या जातीचा त्या जातीचं. फुप्फुसात पोहोचलं की उलटा खेळ: बायकार्बोनेटचा पुन्हा वायू, आणि उच्छ्वासावाटे बाहेर. ही अदलाबदल आपली आपण व्हायची म्हटली तर वेळ पुरायचा नाही, कारण रक्त फुप्फुसातल्या केशवाहिनीत पाऊण सेकंदच असतं. म्हणून तांबड्या पेशीत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफटन यांनी ते शोधलं. त्याच्या चपळ प्रकाराचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हातावेगळे करतो. नोटा मोजायचं यंत्र आमच्या बँकेत पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही सगळ्या उभ्या राहून बघत होतो, मला तेच आठवलं.

पट्टीवरचा तिसरा आकडा, बायकार्बोनेट ३६, मला सगळ्यात जास्त लागला. एरवी ते २४च्या आसपास असतं. डॉक्टर म्हणाला, "हे आजचं नाही काकू. मूत्रपिंडं कित्येक दिवस भरपाई करतायत." कर्बवायू साठला की रक्त आंबट होतं, म्हणजे पीएच उतरतो. फुप्फुसाला तो टाकता येईना, तर मूत्रपिंडं मदतीला येतात, लघवीतून आम्ल सोडतात आणि बायकार्बोनेट राखून ठेवतात. पण हे काम तासाभरात होत नाही, तीन-चार दिवस सहज लागतात. म्हणजे ३६ हा आकडा काही एका रात्रीत आलेला नव्हता. आधीच्या किती दिवसांची, कदाचित महिन्यांची, गुपचूप केलेली उसनवारी होती ती.

आणि त्या महिन्यांत आई मला सांगत होती. रोज सकाळी उठली की डोकं धरून बसायची. "डोकं जड झालंय गं." मी बाम द्यायचे, आलं घातलेला कोरा चहा द्यायचे. दहा वाजेपर्यंत तिला बरं वाटायचं, म्हणून मी म्हणायचे, चहानं उतरलं. झोपेत सगळ्यांचाच श्वास मंदावतो. ज्याचा कर्बवायू आधीच काठोकाठ आलेला, त्याचा रात्रीत वर जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सकाळी डोकं ठणकतं. जागं होऊन तासभर हालचाल केली की उतरतं. चहाचा काही संबंध नव्हता. दुपारी बोलता बोलता तिचा डोळा लागायचा, त्यालाही मी वय म्हणून सोडून दिलं होतं.

मिश्रीसुद्धा न लावणाऱ्या बाईची फुप्फुसं अशी का झाली, याचं उत्तर आमच्या जुन्या घराच्या भिंतींवर होतं. स्वयंपाकघराच्या आढ्याला काजळी लोंबायची. लग्न झाल्यापासून गॅस येईपर्यंत चोवीस वर्षं आई चुलीसमोर. ओली लाकडं, शेणी, तुराट्या, आणि फुंकणी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की सीओपीडीचे, म्हणजे आईला असलेल्या या श्वास कोंडणाऱ्या जुनाट आजाराचे, २५ ते ४५ टक्के रुग्ण आयुष्यात कधीच धूम्रपान न केलेले असतात, आणि जगात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चुलीचा धूर खाणारे जास्त आहेत. फुंकणीतून चुलीत हवा घालताना पुढचा श्वास धुरातूनच घ्यावा लागतो. हे मला पन्नाशीनंतर कळलं. आईला बहुधा अजून पटलेलं नाही. तिच्या मते चुलीवरच्या भाकरीनं कुणाचं वाईट झालेलं नाही.

मग ऑक्सिजननं अपाय का केला? भाचीच्या जुन्या पुस्तकात सोपं उत्तर होतं: अशा रुग्णांचा मेंदू कर्बवायूला सरावतो, मग श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो, ती कमतरता भरून काढली की श्वासच मंदावतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण खरा मोठा घोळ दुसरीकडे असतो. आजारी फुप्फुसाचे काही भाग बंद पडल्यासारखे असतात, तिथं हवा पोहोचत नाही. शरीर शहाणं असतं. ज्या वाफ्यात पीक नाही तिथलं दारं मोडायचं आणि पाणी चांगल्या वाफ्याकडे वळवायचं, तसं ते रक्त वळवतं. वरून भरपूर ऑक्सिजन सोडला की त्या पडीक वाफ्यांपर्यंतही थोडा पोहोचतो, शरीराला वाटतं इथं आबादीआबाद आहे, आणि तिकडची दारं उघडतात. रक्त तिथं जातं, पण कर्बवायू उतरवून घेणारी हवाच तिथं नसते. आहे ते ओझं घेऊन ते परत येतं. त्यात भर म्हणजे हिमोग्लोबिनच्या हाताला ऑक्सिजन लागला की ते धरून ठेवलेला कर्बवायू सोडून देतं. निरोगी माणसात हे सोयीचंच, फुप्फुसात सुटलेला वायू बाहेर जातो. आईकडे तो सुटून रक्तातच राहिला. याला हाल्डेन परिणाम म्हणतात, तेच ते १९०५चे हाल्डेन.

म्हणून अशा रुग्णांचं मीटर ८८ ते ९२मध्ये ठेवायचं असतं, ९९वर नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये अॅम्ब्युलन्समधल्या ४०५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१०मध्ये छापून आला. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांच्या तुलनेत मोजून दिलेल्यांत मृत्यू निम्म्याहून कमी होते. याचा अर्थ कुणी आपल्या माणसाचा ऑक्सिजन काढून घ्यावा असा नाही. ऑक्सिजनची कमतरता जास्त वेगानं मारते, आणि चालू असलेला एकदम बंद करणं तर सगळ्यात वाईट. त्या डॉक्टरनंही बंद केला नव्हता, दोनाच्या खाली आणून मीटर ८९वर स्थिरावेपर्यंत उभा राहिला होता. मी मात्र मामांना चावी फिरवायला सांगितली होती. हे मी भावाला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल त्याला.

बायकार्बोनेटच्या त्या आकड्यानं एकेकाळी थोरामोठ्यांनाही चकवलंय, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. १९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास लुळा पडलेले ३१ रुग्ण आले, त्यांतले २७ गेले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण खूप सापडायचं. त्यातला मोठा भाग बायकार्बोनेट, म्हणून डॉक्टरांना वाटलं की रक्त अल्कधर्मी झालंय, कारण कळत नाही. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्यानं चार मृतांची शवविच्छेदनं पाहिली आणि सांगितलं की हे अल्क नाही, यांना श्वास पुरत नाही, कर्बवायू साठून मरतायत. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या घशाला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. कर्बवायू उतरला, मुलगी सावरली. रक्ताचा पीएच मोजल्यावर इब्सेनचं म्हणणं खरं ठरलं. पण पिशव्या दाबायला यंत्रं नव्हती. म्हणून मेडिकलचे विद्यार्थी बोलावले, पाळ्या लावून साधारण पंधराशे. एकेका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांच्या उशाशी एकेक पोरगं बसून पिशवी दाबतंय, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. अतिदक्षता विभागाची सुरुवात बरेच जण तिथूनच मानतात.

त्या पोरांच्या जागी आईपाशी बायपॅप होतं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, मागे पट्टे, आणि उशाशी डब्याएवढं यंत्र. श्वास घेताना जोरात हवा ढकलायची, सोडताना जोर कमी करायचा, म्हणजे दमलेल्या छातीला कुणीतरी हात लावल्यासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुरती शुद्धीवर आली. मास्क चाचपून तिनं मला खूण केली, मी तो क्षणभर सैल केला. "मळणीच्या बैलासारखं मुसकं का बांधलंय मला?" हे तिचं पहिलं वाक्य. सिस्टर हसून लोळायच्या बाकी होत्या. संध्याकाळच्या पट्टीवर पीएच ७.३८, कार्बन डायऑक्साइड ५८, बायकार्बोनेट ३३. डॉक्टरला विचारलं, अजून चाळीस का नाही? तो म्हणाला, "आजींचं चाळीस आता हेच. ओढून चाळिसावर आणायला गेलो तर मूत्रपिंडांनी जमवलेला सोडा जास्त होईल आणि उलटाच घोळ होईल. हळूहळू."

आता घरी रात्री मुसकं असतं आणि नाकात एक लिटरची नळी. मीटर नव्वदच्या आसपास. बघायला येणारा प्रत्येकजण हळहळतो. परवा चुलत जाऊबाई आल्या, मशीनकडे बघून म्हणाल्या, "एवढंच? वाढव की गं थोडं, जीव कोंडत असेल त्यांचा." मी तोंड उघडायच्या आत आईनं चावीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. कंदील लावून बघितलंय आमी."

जाऊबाईंना काही कळलं नाही. त्यांनी विषय बदलून कुणाच्या तरी साखरपुड्याचं काढलं.

मी रोज सकाळी सहाला तिचा मास्क काढते. गालावर पट्ट्यांचे वळ उठलेले असतात, ते चोळते, आणि चहाच्या आधी विचारते, "डोकं दुखतंय का?"

"न्हाई गं," ती म्हणते. "रोज तेच इचारून माझं दुखायला लागंल बघ."